दुसरं दार

आमचे हे नौदलातून शौर्यपदक घेऊन घरी आले आणि बिल्डर झाले. तिथून माझ्या कपाटाचे हाल सुरू झाले.

ह्यांनी बांधलेल्या घरात प्रत्येक खोलीला दोन दारं. झोपायच्या खोलीला दोन, स्वयंपाकघराला दोन, न्हाणीघरालासुद्धा दोन! गिऱ्हाइकं हसायची. "साहेब, घर राहायला हवंय, लपंडाव खेळायला नाही."

"मग दुसरा बिल्डर बघा," हे म्हणायचे. लोक बघायचेही.

आमच्याही घराची तीच तऱ्हा. माझ्या आईने दिलेलं भलंमोठं कपाट घरभर फिरलं, पण जिथे ठेवावं तिथे एक दार अडायचं. शेवटी ते व्हरांड्यात जाऊन पडलं. विचारलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "दार राहील." अडेलतट्टू माणूस!

एकदा हे साइटवर गेलेले बघून मी मिस्त्रीला बोलावलं. "झोपायच्या खोलीचं मागचं दार विटांनी बंद करा."

मिस्त्रीची पाचावर धारण बसली. "वहिनी, साहेब मलाच विटांत चिणतील."

"साहेबांचं मी बघते."

संध्याकाळपर्यंत भिंत उभी राहिली आणि भिंतीपुढे माझं कपाट. मी खुशीत होते.

हे आले, कपाटाकडे बघितलं. आता आभाळ कोसळणार म्हणून मी पदर खोचून तयार! पण ह्यांनी नुसती उशी उचलली आणि व्हरांड्यात, कपाटाच्या रिकाम्या जागी जाऊन आडवे झाले.

मी मागोमाग गेले. "अहो, एका भिंतीसाठी एवढा रुसवा?"

"रुसलो नाही गं." हे उठून बसले आणि म्हणाले, "जहाजात पाणी शिरलं तेव्हा इंजिनाच्या खोलीचं दार मी बंद केलं. म्हणून जहाज वाचलं. पदक त्याचंच आहे. आत आपली माणसं होती. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं."

ते पदक मी इतकी वर्षं घासूनपुसून लखलखीत ठेवत होते. मला रडू आलं, आणि रागही. आधी सांगायला काय धाड भरली होती?

सकाळी मिस्त्रीला परत बोलावलं. स्वतःचीच ताजी भिंत फोडताना तो कुरकुरला, "आणि कपाट, वहिनी?"

कपाट आता खोलीच्या मधोमध उभं आहे. येणारा-जाणारा हसतो. हसू दे. झोपण्याआधी पुढचं दार उघडं आहे ना, ते हे बघतात. मागचं मी बघते.