मागच्या दारचं गरम पाणी

"देवा, मटणाच्या कंपनीला हायकोर्टात यश दे."

तुळशीला पाणी घालताना शकूबाईंनी हे मागणं मागितलं आणि ओटा झाडणाऱ्या सुनेच्या, अनिताच्या हातातला झाडू थांबला. गळ्यात माळ घातल्यापासून सुकटीचा वासही सहन न करणारी ही बाई!

"आई, कुणी ऐकलं तर हसंल."

"हसू दे गो. तुज्या पगारावर पोरीचं नर्सिंग चाललंय, ते देवाला ठावं नाय काय?"

वाशिंदजवळच्या कारखान्यात अनिता परदेशी जाणारं म्हशीचं मांस खोक्यांत भरायची, बारा महिने शीतगृहाच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत. परवान्याच्या वादातून सरकारने कारखाना बंद केला आणि कंपनी हायकोर्टात गेली. तेव्हापासून किन्हवलीच्या या घराला एकच घोर लागला होता. कारखाना उघडला नाही, तर लेकीचं, रुचिताचं शिक्षण सुटणार.

अनिताने ही नोकरी धरली, तेव्हा शकूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी तोडगा निघाला: मागच्या दारी हंडाभर गरम पाणी, आणि आंघोळ केल्याशिवाय सुनेने उंबरा ओलांडायचा नाही. अनिताने मुकाट ऐकलं, पण ते तिच्या मनाला लागलं होतं.

कारखाना बंद पडला, तरी संध्याकाळी मागची चूल पेटलीच.

"आता कशाला, आई? मी तर घरातच हाय."

"हात बघ तुजे, अजून आखडलेत. सोवळं कवाच सुटलं गो. तुज्या हातांसाठीच तापवते मी."

अनिताने हात पाण्यात घातले आणि तोंड फिरवून रडून घेतलं.

दिवाळीनंतर तापाचं निमित्त होऊन शकूबाई गेल्या. पुढच्याच महिन्यात हायकोर्टाने सरकारला परवान्याचा फेरविचार करायला सांगितलं आणि तोवर कारखाना चालवायची मुभा दिली. अनिताने पेढा आधी तुळशीपुढे ठेवला. देवाने म्हातारीचं ऐकलं होतं, फक्त तिला कळवायचं राहून गेलं.

कामावरून आल्यावर ती सवयीने मागच्या दारी वळली. आता अडवणारं कुणीच नव्हतं. चुलीपुढे तिचा नवरा पंकज धुराने लाल झालेले डोळे चोळत बसला होता. जन्मात त्याने कधी चूल फुंकली नव्हती.

"आईनं सांगून ठेवलं व्हतं," तो म्हणाला. "कारखाना उघडला की हिला पाणी ठेव म्हणून."

पाणी जेमतेम कोमट झालं होतं. अनिताने हात आत घातले आणि पाणी पार निवेपर्यंत बाहेर काढले नाहीत.