क्लचवरचा पाय

सासूबाईंचं गॅरेज पंचवीस वर्षांचं, त्यांची जीप तीस वर्षांची आणि जावई सहा वर्षांचा. पैकी जावयावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. गणिताच्या मास्तराला गाडीतलं काय कळणार, असं त्यांचं ठाम मत. सहा वर्षांत त्यांनी मास्तरांना जीपच्या स्टिअरिंगला बोटही लावू दिलं नव्हतं. शेवटी मुलीने फारच डोकं खाल्लं, तेव्हा एका दिवसासाठी किल्ली दिली.

"डांबरी रस्ता सोडायचा नाही, जावईबापू. गाडी धड परत आली, तर यापुढे तुम्हीही चालवा."

मास्तर हवेत तरंगत निघाले. तळ्यापाशी बायको म्हणाली, "अहो, जरा मला द्या ना," आणि मास्तर हो-नाही करेपर्यंत तिने जीप सरळ चिखलात घातली. तिथे ती रुतली. तासभर बायको इंजिन बोंबलवत होती, मास्तर मागून ढकलत होते आणि चाकांनी उडवलेला चिखल तोंडावर झेलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं धुवायला बसली. मास्तर पाइप घेऊन गाडीखाली शिरले. बायकोने जुन्या टूथब्रशने नट घासले, रेडिएटरच्या जाळीतली माती हलक्या धारेने काढली. जीप लख्ख झाली. फक्त क्लच दाबला की 'कुईंऽऽ' व्हायचं.

"पाणी गेलं असेल, सुकलं की थांबेल," बायको म्हणाली. मेकॅनिकची मुलगी म्हणून मास्तरांनी विश्वास ठेवला. इथेच ते फसले.

जीप गॅरेजात परत नेली, तेव्हा सासूबाईंनी इंजिन चालू केलं. क्लच दाबला, कुईं. सोडला, गप्प. तीनदा करून पाहिलं. मग खाली उतरून चाकाच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं. बोटावर चांगला लाडवाएवढा चिखल आला.

"बाहेरून सगळेच धुतात," त्या म्हणाल्या.

"मी घातली चिखलात," मास्तर घाईघाईने बोलून गेले. बायको चपलेकडे बघत राहिली.

"चिखलाचं सोडा. क्लचचं रिलीज बेअरिंग गेलंय. अर्ध्या क्लचवर तासभर रेटल्याशिवाय ते असं ओरडत नाही. आणि क्लचवरचा हा पाय मला ओळखीचा वाटतोय. बसा, चालवून दाखवा."

मास्तर स्टिअरिंगमागे बसले. सहा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, आणि आता बायकोला वाचवायचं तर गाडी वाईट चालवायला हवी होती! त्यांना रडूच यायचं बाकी होतं. पण निघाले. क्लचवर पाय ठेवूनच गॅरेजच्या अंगणात फेरी मारली, गिअर खरखरवला, वळणावर दोन आचके दिले. सासूबाई शेजारी दगडासारख्या बसल्या होत्या. मागच्या सीटवर बायकोने दुसऱ्या आचक्यापर्यंत कसाबसा धीर धरला.

"पुरे हो!" ती ओरडली. "आई, ह्यांना छान चालवता येते गं. चिखलात मी घातली होती. हे नको म्हणत होते."

मास्तरांनी इंजिन बंद केलं. आता किल्लीही गेली आणि लाजही, असं त्यांना वाटलं.

"मला पहिल्या दहा फुटांतच कळलं," सासूबाई म्हणाल्या. "गिअर खरखरवताना दरवेळी तुमचा जीव तुटत होता. ज्याला चालवता येत नाही त्याला गाडीची एवढी दया येत नाही. बेअरिंगला दोन दिवस लागतील. परवा येऊन घेऊन जा."

मग त्या लेकीकडे वळल्या.

"आणि तू उतर. चारही चाकं आतून धू."