भरतीची जागा

गास्तोंने ट्रॅक्टरची फणी वर उचलली आणि इंजिन बंद केलं. साफ करायच्या वाळूत मधोमध एक परकी बाई छातीशी डबा धरून उभी होती. युद्धात दोस्त सैन्य या किनाऱ्यावर उतरलं त्याच्या पन्नासाव्या सोहळ्याचे झेंडे अजून उतरले नव्हते, त्यामुळे डब्यात कुणा सैनिकाची राख आहे का, हे त्याला विचारावं लागलं नाही.

“माझे वडील,” ती मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाली. “मला समुद्रात सोडा, एवढंच मागितलं होतं त्यांनी. भरती कुठवर येते?”

त्याने खाली शेवाळाच्या काळ्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

“त्याच्या पलीकडे सोडा, मादाम. अकराला पाणी घेऊन जाईल. इथेच उतरले होते का ते?”

“छे, ते जहाजावर, तोफेवर!” तिचा चेहरा खुलला. “तुमच्या चर्चचा मनोरा त्यांनी पहिल्याच गोळ्यात पाडला. वर जर्मन होते ना. दर नाताळला हात आडवा करून दाखवायचे, कसा कोसळला ते. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो.”

त्या सकाळी चर्चच्या तळघरात बावीस माणसं लपली होती. तीन दिवस खणल्यावर आठ वर्षांच्या गास्तोंच्या हाती आईचा एक बूट लागला. सोहळ्यात तोही दरवर्षी टाळ्या वाजवत आला होता. गावात सगळेच वाजवतात. जर्मनांपासून सुटका आणि आता चालणारी हॉटेलं, दोन्ही त्याच सैनिकांमुळे. पण आज त्याचं डोकं भणाणलं.

बाई पट्ट्याकडे निघाली होती.

“थांबा, मादाम! चुकलं माझं. आज मोठी भरती आहे. इथेच ओता, या कपडे बदलायच्या खोल्यांपाशी.”

“इतक्या वर?”

“तीस वर्षं हीच वाळू साफ करतोय की मी.”

तिने कोरड्या वाळूत राख ओतली आणि मनसोक्त रडली.

“आता न्याहारी करून या,” तो मायेने म्हणाला. “बारापर्यंत पाणी येऊन गेलेलं असेल.”

ती दिसेनाशी झाल्यावर तो ट्रॅक्टरवरून खाली उतरला. फावड्याने वरचा थर उचलून त्याने ट्रॅक्टरच्या कचरापेटीत टाकला, सिगारेटच्या थोटकांवर आणि बिअरच्या झाकणांवर. मग तिथून दोनदा फणी फिरवली. पेटी कचऱ्याच्या गाडीत रिकामी केली.

बाराला ती परतली. गुडघे टेकून तिने वाळूवरून हात फिरवला.

“गेले! आणि लाटांनी रेघा किती सरळ ओढल्यात!”

तिने उठून गास्तोंचा हात दोन्ही हातांत धरला.

“आई फार थकलीय. तिलाही इथेच आणेन. तुम्ही असाल ना?”

त्याने टोपी काढली.

“असेन, मादाम.”