कट्ट्यावरचं चॅलेंज

"अप्पा, आमाला एक डाव खेळायला कट्टा देता का?"

विचारलं मी, पण प्रश्न माझा नव्हता, माझ्या मैत्रिणीचा, लिंगम्माचा होता. गाढवाच्या डावात मी हरले, गाढव झाले, आणि आमच्यात जी गाढव होते तिनं बाकीच्या सांगतील ते मुकाट्यानं करायचं असतं. मागच्या खेपेला मी दुसरीला, विजयश्रीला, सायन्सच्या सरांसमोर उभी करून "सर, तुमी केसाला काय लावता?" असं विचारायला लावलं होतं. त्याचा सूड आज दोघींनी मिळून उगवला.

खरं सांगायचं तर आम्हाला खेळायला जागाच नव्हती. विजयश्रीच्या गच्चीवर सोयाबीन वाळायला टाकलेलं. लिंगम्माच्या घरी सदा पाहुणे. आमच्या घरी दादाची परीक्षा, पानं पिसल्याचा आवाज झाला की तो भिंत बडवतो. अख्ख्या संतपुरात रविवारी दुपारी निवांत सावली मिळते ती फक्त लिंबाच्या कट्ट्यावर, आणि तिथं बसून गडीमाणसं मेंढीकोट खेळतात. बायका तिथून पदर सावरून जातात, थांबत न्हाईत.

गेल्या वर्षी मी हे विचारलंच नसतं. तेव्हा मी हजेरीला "येस सर"सुद्धा शेजारणीच्या कानात म्हणायची. पण पंधरा ऑगस्टला मला माइक मिळाला, भाषण झालं, आणि तेव्हापासून माझा आवाज मलाच लई आवडायला लागलाय.

माझा प्रश्न ऐकून कट्ट्यावरचा डाव थांबला. चनमल्लप्पा अप्पांनी हातातली पानं खाली ठेवली. अप्पा म्हणजे आमच्या गावचे पंच. बांधाचं भांडण असो की भावाभावाचं, अप्पा बोलले की मिटलं. कपाळावर विभूती, आणि आयुष्यात कधी खोटं बोलले न्हाईत अशी ख्याती. त्यांच्या शेजारी पाय खाली सोडून माझे बाबा बसलेले. ते औराद-उदगीर बसवर कंडक्टर आहेत, रविवारी सुट्टी.

"प्रेरणा," बाबा म्हणाले, "घरी जा."

"थांब रे राजपाल. पोरगी कट्टा मागायलीय, वावर न्हाई मागायली." अप्पा माझ्याकडं वळले. "बा तंगी, कुंद्र. ये पोरी, बस इथं. फुकट न्हाई द्यायचो मी. खेळा आमच्यासंगं. जिंकलात तर दर रविवारी दुपारचा कट्टा तुमचा. आमी हाटेलात बसू. हरलात तर तुमचा पत्त्याचा जोड माझ्याकडं, दहावी होईस्तोवर."

लिंगम्मानं मागून मला चिमटा काढला. पण मी तोपर्यंत "चालतंय" म्हणून बसले होते. "पण खेळ आमचा. चॅलेंज."

हा खेळ त्यांना माहीत नव्हता, मग मीच समजावला. सगळी पानं चौघांत वाटायची. पहिल्यानं एक्के म्हणून पानं उलटी ठेवायची, दुसऱ्यानं दुर्र्या, तिसऱ्यानं तिर्र्या, असं राजापर्यंत जायचं आणि परत एक्क्यापासून. तुमच्याकडं ते पान असो नसो, तोंडानं तेच म्हणायचं. कुणाला संशय आला तर त्यानं "चॅलेंज" म्हणून पानं उलटवायची. खोटं निघालं तर टाकणाऱ्यानं सगळा ढीग उचलायचा, खरं निघालं तर चॅलेंज देणाऱ्यानं. ज्याचा हात आधी रिकामा, तो जिंकला.

"मंजे लबाडीचा खेळ," बाबा म्हणाले.

"व्हय. तुमाला सोपा जाईल, रोज बिनतिकिटवाले पकडता की!"

माणसं हसली. बाबा न्हाई हसले.

मी आणि विजयश्री एकीकडं, अप्पा आणि बाबा एकीकडं. लिंगम्मा आमच्या मागं उभी, सल्ला द्यायला, जो कुणी मागितला नव्हता.

सुरुवातीलाच मी माती खाल्ली. अप्पांनी पहिल्या फेरीत "तीन गुलाम" म्हणून पानं ठेवली. एकदम तीन? मी जोरात "चॅलेंज!" ओरडले आणि पानं उलटवली. तीन गुलाम. लिंबावरचे कावळे उडतील एवढी माणसं हसली.

"अप्पांना खोटं पाडायलीस व्हय गं?" मागून कुणीतरी म्हणालं. "गावात आजपर्यंत कुणी पाडलं न्हाई."

मी मुकाट्यानं ढीग उचलला.

अप्पा मात्र भलतेच खेळायचे. छक्कीची पाळी आली, त्यांनी पान ठेवलं, "एक छक्की" म्हणाले, आणि हात मागं घ्यायच्या आत स्वतःच कबूल झाले, "न्हाई बा, ही नव्वी हाय." आपला आपणच ढीग उचलला. दोनदा असं केलं. गंमत अशी की ढीग उचलल्यामुळं त्यांच्याकडं बहुतेक सगळ्या नंबरांची पानं जमली, मग त्यांना खोटं बोलायची गरजच पडेना. खरं बोलून बोलून त्यांचा हात भराभर रिकामा व्हायला लागला.

बाबांची गोष्ट वेगळी. बाबांचं मला आईमुळं ठाऊक आहे. ते खोटं बोलले की त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा चप्पल शोधायला लागतो. आई विचारते, "उदगीरला भजे खाल्ले का?" बाबा म्हणतात, "न्हाई बा," आणि अंगठा चालू. बहुतेक पळून जायची तयारी असावी.

बाबांकडं शेवटची दोन पानं उरली. "दोन नव्व्या," ते म्हणाले आणि ढिगावर ठेवली. आवाज एकदम तिकीट फाडल्यासारखा सरळ. मी खाली बघितलं. अंगठा कट्ट्याखाली चप्पल चाचपायलाता.

"चॅलेंज!"

सत्ती आणि राणी निघाली.

"आँ? कसं कळलं गं तुला?" बाबा ढीग उचलत म्हणाले. पाळी माझी होती, मी एक खरी दश्शी ठेवली.

मग अप्पांची पाळी. त्यांच्या हातात एकच पान. त्यांनी ते शांतपणे ठेवलं, विभूतीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "एक गुलाम. झालं बा माझं."

कट्ट्यावर टाळ्या सुरू झाल्या. विजयश्रीनं मान खाली घातली. "जाऊ दे," ती कुजबुजली, "अप्पा खोटं बोलत न्हाईत."

माझ्या हातात चार गुलाम होते. एक वाटणीत आलेला, तीन मघाशी अप्पांच्याच ढिगातून उचललेले. पत्त्यात पाचवा गुलाम नसतो. मला शंभर टक्के माहीत होतं, तरी माझं तोंड उघडेना. मघाचं हसू कानात होतं. बाबा माझ्याकडं बघून डोळ्यांनी सांगत होते, बास. अख्ख्या गावादेखत अप्पांना खोटं म्हणायचं? गप्प बसले तर फक्त एक पत्त्याचा जोड जाणार होता. फक्त? मग पुढच्या रविवारी आम्ही कुठं बसणार होतो?

"अप्पा," मी म्हणाले. आवाज आधी बारीक आला, मग माइकवाला आला. "चॅलेंज."

टाळ्या थांबल्या.

"अय पोरी!" बाबा.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी स्वतःच पान उलटवलं. किलवरची तिर्री.

आणि अप्पा हसायला लागले. हसता हसता खोकला आला, कुणीतरी पाठ चोळली, तरी थांबेनात. "पयल्यांदा खोटं बोललो रे आयुष्यात," डोळे पुसत म्हणाले, "आन पयल्यांदाच गावलो! मला कुणी चॅलेंज देणार न्हाई वाटलं. कुणी बोललंच नसतं."

त्यांना ढीग उचलावा लागला. त्यानंतर दोन फेऱ्यांत विजयश्रीनं हात रिकामा केला. सगळे अजून अप्पांकडं बघून हसत होते, तिच्याकडं कोण बघणार? तिची पानं खरी होती की न्हाई हे ती मला अजून सांगत नाही.

संध्याकाळी मी आईला भाकऱ्या थापता थापता सगळा डाव सांगितला, नियमासकट.

"एवढाच खेळ हाय व्हय?" आई म्हणाली. "मग मी तर रोज घरात खेळतेय."

जेवायला बसलो. बाबांनी भाकरी मोडली. "जिंकलात, लई चांगलं झालं. पर आता खरंच तिथं जाऊन बसू नको. मला काय न्हाई, मला तर आनंदच हाय. लोकं नाव ठेवतील मनून सांगायलोय."

चप्पल दाराबाहेर होती. तरी अंगठा फरशीवर चप्पल शोधायलाता. मी बघितलं. आईनंही बघितलं. आम्ही एकमेकींकडं बघितलं.

"बाबा, चॅलेंज."

बाबांनी पटकन पाय मांडीखाली ओढला. "कामून? काय झालं?"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली, बाबा एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागले.

"लोकांना काय न्हाई, बाबा. तुमालाच कसंतरी वाटायलंय. वाटू द्या, जाईल हळूहळू." मी ताट बाजूला सरकवलं आणि दोघांकडं बघत म्हणाले, "आता ऐका, मी ठरवलंय. दर रविवारी दुपारी मी कट्ट्यावर खेळायला जाणार. आमी तिघी हाव, चौथा भिडू लागतो. तो पण ठरलाय. आई येणार माझ्यासंगं."