वाळवलेल्या पट्ट्या

माझ्या दिराने बोटीसाठी नवं फायबरग्लास बनवलं. पाणी मुरल्यावर त्यात किती जोर उरतो ते बघायला त्याच्या पट्ट्या महिनाभर टबात भिजवल्या. त्या ओल्याच तोडायच्या होत्या. सासूबाईंनी पुसून उन्हात कडकडीत वाळवल्या. "ओलं तसंच ठेवतं का कुणी?"

वाळलेल्या पट्ट्या तुटता तुटेनात. दीर हरखला. "वहिनी, पास! उद्या बोट पाण्यात."

"भावजी, वाळलं की गेलेला जोर थोडा परत येतो. नदी काय बोटीला वाळत घालणार आहे?"

"तुम्हाला माझं चांगलं बघवतच नाही."

"बरं. पहिल्या फेरीला आईंना बसवा."

"मेल्या, मला पोहता येत नाही!" सासूबाई ओरडल्या.

दिराने उरलेल्या पट्ट्या पुन्हा टबात टाकल्या. "आई, यांना हात लावशील तर बघ."