दोन हातांची सही

बनावट सही पकडायला फार अक्कल लागत नाही. खोटं लिहिणारा जपून लिहितो, जागोजागी थबकतो. खरा माणूस आपलं नाव खरडून मोकळा होतो. अख्खी नोकरी मी हस्ताक्षर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून असले चोर पकडण्यात घालवली आणि मला त्याचा तोराही होता. नवरा म्हणायचा, "हिच्यासमोर किराण्याची यादीसुद्धा जपून लिहावी लागते."

ते मृत्युपत्र मात्र वेगळं निघालं. बापाने राहतं घर मुलीच्या नावे केलं होतं. तो अंथरुणाला खिळल्यावर त्याचं हगणंमुतणं तिनेच काढलेलं. दोघे भाऊ म्हणत होते, सही खोटी आहे. खोटी नव्हती. पेन म्हाताऱ्याच्याच हातात होतं, पण त्या हातावर दुसरा हात होता. असं झालं की रेघेत दोघांचा जोर उतरतो. इथे तर दोन ठिकाणी रेघ चक्क उलटी ओढली गेली होती. मी त्या सहीचा हातभर मोठा फोटो काढून कोर्टात मांडला.

भावांच्या वकिलाने विचारलं, "म्हणजे म्हातारा हात मागे ओढत होता?"

"ओढत होता. का ओढत होता, ते शाई सांगत नाही."

"पहिलं वाक्य पुरे आहे," म्हणून तो खाली बसला. निकाल भावांच्या बाजूने लागला.

त्यानंतर ती मुलगी प्रयोगशाळेत आली. भांडायलाच आली असणार म्हणून मी आधीच आवाज चढवला, "हे बघा बाई, मला दिसलं तेच मी सांगितलं."

"बरोबरच सांगितलंत. बाबा हात सोडवून घेत होते. 'सोड, माझी सही मी करतो,' म्हणून चिडले होते माझ्यावर. पण सोडला की पेन गळून पडायचं."

"मग हे कोर्टात का नाही बोललात?"

"बोलले की. पण समोर तुमचा फोटो होता."

मला तिचा राग आला, त्या वकिलाचा आला, सगळ्यात जास्त त्या फोटोचा आला. तिला महिनाअखेर घर सोडायचं होतं. तरी तिने माझ्याकडे मागितला तो फोटोच. फाइलमधली जादा प्रत मी टेबलावर पसरली.

"यातलं बाबांचं कुठलं आणि माझं कुठलं, तेवढं दाखवाल?"

उलट्या ओढलेल्या त्या दोन रेघांवर मी बोट ठेवलं. "हे नक्की त्यांचं."

ती वाकून बघत राहिली.

"बघा ना," ती म्हणाली, "केवढा जोर होता अजून."