ओट्यापुढचा पाट

“‘मृत महिलेने ओल्या हातांनी व अनवाणी उभे राहून मिक्सर हाताळल्याने अपघात घडला. इमारतीचे वायरिंग निर्दोष असून अर्थिंगची सोय आहे.’” विद्युत निरीक्षकांनी अहवाल वाचून कागद ओट्यावर ठेवला आणि नाथाच्या हातात पेन दिले. “करा सही. बाकीच्या अकरा बिऱ्हाडांचीही तपासणी मग लागणार नाही.”

ओल्या हातांनी. कोरड्या हातांनी कोणता स्वयंपाक होतो, याचा खुलासा अहवालात नव्हता. अनवाणी. १९८७ सालच्या बदलापुरात नाथाच्या बायकोने, बकुळाने, पायांत चपला घालून चटणी वाटायला हवी होती, असे शासनाचे मत दिसत होते. अर्थिंगपुरते बोलायचे, तर निरीक्षकांनी सॉकेटची भोके मोजली होती. ती तीन भरली. मोजणीत चूक नव्हती.

नाथाची धाकटी बहीण मीनल हिने मेन स्विच खाली केला आणि सॉकेटची पट्टी उघडली.

“वायरी दोनच आहेत. तिसरं भोक काय शोभेला ठेवलंय?”

दाराशी उभा असलेला वायरमन हिंदुराव कसनुसा हसला. साऱ्या इमारतीचे काम त्याच्याच हातचे होते.

“ताई, पुस्तकातलं साइटवर चालत नाही. बिल्डरनं जेवढं सामान दिलं तेवढं लावलं.”

“वहिनीला मिक्सरला हात लावला की मुंग्या यायच्या. दोनदा सांगितलं होतं तुम्हाला.”

“मुंग्या काय, सगळ्यांनाच येतात.”

मीनल तडक शेजारच्या घरात शिरली.

पुतळाबाई भाजी परतत होत्या. जेवणाच्या पंगतीला मांडतात तसल्या लाकडी पाटावर उभ्या होत्या.

“पाटावर काय चढलात, मावशी?”

“अगं, त्याशिवाय हात लावायची सोय आहे का त्या मिक्सरला? हिंदुरावनंच सांगितलं, लाकडावर उभं राहायचं. गुणी माणूस हो. चहासुद्धा घेतला नाही.”

मीनल जिना चढली. वरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात ओट्यापुढे एक पाट होता. कुठे शिसवी, कुठे फळकुटाला खिळे मारून केलेला. अकरा घरांत अकरा. सर्वांवर पावलांनी झिजलेल्या दोन फिकट जागा होत्या.

ती परतली तेव्हा नाथाने सही केलेली नव्हती.

“दादा, आपला पाट कुठे होता त्या दिवशी?”

नाथाने बाहेरच्या खोलीकडे पाहिले. तिथे भिंतीला दोन पाट टेकवलेले होते.

“घरात पाट दोनच,” तो म्हणाला. “एकावर मी बसलो होतो.”

पेनाला टोपण लावून ते निरीक्षकांच्या खिशात परत ठेवले आणि तो हिंदुरावकडे पाहू लागला.

निरीक्षकांनी शेवटी तेच पेन काढले, अहवाल उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर हिंदुराव बोलला ते शब्दशः उतरवून घेतले:

“अर्थिंग टाकलंच नव्हतं, म्हणून पाटाचं सगळ्या घरी मीच सांगितलं. त्या दिवशी वहिनींची तक्रार बघायलाच आलो होतो. त्या म्हणाल्या, भाऊजी, जेवायची वेळ आहे, आधी दोन घास खाऊन घ्या. ओट्यापुढचा पाट उचलून मला बसायला दिला. लादी नुकतीच पुसलेली, ओली होती. चटणी वाटते म्हणाल्या. मला सगळं कळत होतं. मी बसून राहिलो.”